प्रौढांचे गुरु फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं निघणाऱ्या स्मरणिकेंत धर्मवीरांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें देण्याची जुनी चाल आहे. तिला अनुसरून आम्ही येथें येशूसंघीय धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र सादर करीत आहों. ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून त्यांचें नांव मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत ठाऊक आहे. त्यांनीं केलेली मराठी भाषेची स्तुति पुष्कळांनीं शाळेंत पाठही केली असेल. परंतु आम्ही त्यांची निवड कवि म्हणून केलेली नाहीं. आमचें कारण अधिक घरगुती आहे.

मोठ्या माणसांस शिकविण्याचा ज्यांनीं कधीं यत्न केला आहे, मग तें धर्मशिक्षण असो वा अक्षरओळख, त्यांस हें कारण लगेच कळेल. किन्हीराजासारख्या कोरडवाहू शेतीच्या गांवीं असा वर्ग उघडला म्हणजे पहिल्या आठवड्यांत सतरंजी पुरत नाहीं. पुढें सोयाबीनची सोंगणी येते, मग सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू होते, आणि नाताळ जवळ येतो तेव्हां दिव्याखालीं शिकविणारा व दोन म्हाताऱ्या एवढींच माणसें उरतात. शिकविणारा मनांत म्हणतो कीं, या लोकांस गोडीच नाहीं. गोडी नसेलही, पण ती कां नाहीं, आणि त्यांत आपला वांटा किती, हें स्वतःस विचारणारे शिक्षक थोडे. फादर स्टीफन्स त्या थोड्यांपैकीं होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग सहसा सांगितला जात नाहीं, म्हणून आम्ही त्यावरच अधिक थांबणार आहों.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत झाला. वडील लंडनमध्यें व्यापार करीत. तो राणी एलिझाबेथचा काळ होता, आणि त्या देशांत कॅथलिक म्हणून राहणें दिवसेंदिवस कठीण होत चाललें होतें. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत कॅथलिक गृहस्थ तरुण स्टीफन्सांचे मित्र होते. त्यांच्या बरोबर, त्यांचा नोकर बनून, स्टीफन्स कांहीं काळ इंग्लंडांत हिंडले. दोघांनींही रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असा बेत होता. पाउंड पकडले गेले व त्यांच्या आयुष्याचीं पुढलीं पुष्कळ वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स निसटले, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें संघांत दाखल झाले. तेथील अभ्यासाच्या काळांतच त्यांनीं हिंदुस्थानांत जाण्याची इच्छा धरली व ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतांचा तांडा निघाला, त्यांतून ते निघाले व २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. प्रवासाची हकीगत त्यांनीं १० नोव्हेंबर रोजीं वडिलांस लिहून कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें व तेथील व्यापाऱ्यांनीं तें मोठ्या आवडीनें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन कायम राहिलेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. चार वर्षांनीं राल्फ फिच व त्याचे सोबती असे कांहीं इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेच्या कामीं फादर स्टीफन्सांनीं मदत केली होती. देश सोडला तरी देशबंधूंस ते विसरले नव्हते, एवढें यावरून दिसतें. असो.

गोव्यांत त्यांस धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली व साष्टी प्रांतांत त्यांची नेमणूक झाली. साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे. गोव्याच्या दक्षिणेस मडगांव व राशोल ज्यांत येतात ती. तेथेंच, मधला थोडा काळ वगळतां, त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें काढलीं.

आतां एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. हे गृहस्थ या देशीं आले तेव्हां तीस वर्षांचे होते. लॅटिन जाणणाऱ्या, तत्त्वज्ञान शिकलेल्या या विद्वानास साष्टींत येऊन कोंकणीचा पहिला शब्द लहान मुलाप्रमाणें उच्चारावा लागला. मराठी ग्रंथांची भाषा त्याहून वेगळी. ती निराळी शिकावी लागली. तीस वर्षांच्या माणसाची जीभ वळत नाहीं, तो चुकतो, पोरें हंसतात, आणि आपण आपल्या भाषेंत किती शहाणे आहों हें सांगण्याची सोय नसते. वय वाढलेल्या विद्यार्थ्याची लाज काय असते, हें त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसावी असें आम्हांस वाटतें. वर्ग सोडून जाणाऱ्यांत आळशी माणसें असतात तशीं लाजलेलीं माणसेंही असतात, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें दुसरींच अधिक असतात.

त्यांनीं भाषा नुसती शिकली नाहीं, तर तिच्यावर प्रेम केलें. १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या देशांतील भाषांच्या उच्चारांची वाखाणणी केली व त्यांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे असें नमूद केलें. युरोपांतील पंडितांस ही गोष्ट नीट उमगण्यास आणखी दोनशें वर्षें जावीं लागलीं. नव्या पाद्र्यांस ही भाषा शिकतां यावी म्हणून त्यांनीं कोंकणीचें व्याकरणही रचलें. फादर दियोगु रिबेरु यांनीं त्यांत भर घातल्यावर तें १६४० सालीं राशोल येथें छापून निघालें. शिकणाऱ्यापाशीं शिकविणाऱ्यानें चालत जावें, हा त्यांतला अर्थ. उलट बाजूनें हांक मारीत बसणें सोपें असतें, पण मोठीं माणसें हांकेनें फारशीं येत नाहींत.

त्या काळच्या साष्टीची स्थिति सांगितल्याशिवाय पुढली हकीगत कळणार नाहीं, आणि ती आडपडदा न ठेवतां सांगितली पाहिजे. पोर्तुगीज राजसत्तेनें तेथील देवळें पाडविलीं होतीं, जुन्या धर्मग्रंथांस व उत्सवांस बंदी केली होती, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या प्रौढांनींही प्रवचनास हजर राहावें असे हुकूम निघाले होते. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें लोकांचा क्षोभ उसळला व फादर रुडॉल्फ अक्वाविवा, त्यांचे चार येशूसंघीय सोबती व त्यांच्या बरोबरचे कित्येक ख्रिस्ती यांस प्राणांस मुकावें लागलें. मग सरकारनें सूड घेतला, व त्यांत कुंकळ्ळीचे गांवकर मारले गेले. अक्वाविवा व त्यांचे सोबती यांस पवित्र सभेनें १८९३ सालीं धन्य म्हणून गौरविलें आहे. कुंकळ्ळीच्या गांवकरांचेंही स्मारक आज त्या गांवीं उभें आहे. फादर स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होते, व त्या धर्मगुरूंचे देह परत मिळवून त्यांचें दफन करण्याच्या कामांत त्यांचा हात होता.

अशा ठिकाणीं त्यांस शिकवावयाचें होतें. वर्गांत माणसें आणून बसविण्याची शक्ति राजापाशीं होती, आणि ती सढळ हातानें वापरली जात होती. पण बसलेल्या माणसाचें मन तेथें आहे कीं घरीं आहे, हें कोणताही हुकूम पाहूं शकत नाहीं. बाप्तिस्मा झालेला प्रौढ मनुष्य रविवारीं चर्चमध्यें दिसतो, प्रार्थना पाठ म्हणतो, आणि आंतून केव्हांच उठून गेलेला असतो. अशी गळती हजेरीपटावर दिसत नाहीं.

फादर स्टीफन्सांनीं ती कशी ओळखली, हें त्यांच्याच ग्रंथाच्या आरंभीं सांपडतें. साष्टीच्या देवळांत मुलांस धर्मतत्त्वें शिकविण्याचें काम चाललें आहे. मुलें पाठ म्हणत आहेत, गुरु ऐकत आहेत. तेवढ्यांत तेथें असलेला एक ब्राह्मण, नव्यानें ख्रिस्ती झालेला, उभा राहतो व पाद्री गुरूंस आपली अडचण सांगतो. तुम्ही शिकवितां तें चांगलें आहे व जरूरीचें आहे, हें तो मान्य करतो. परंतु त्याचें समाधान तेवढ्यानें होत नाहीं. पूर्वीं आम्हांस पुराणें होतीं, तीं तुम्हीं वर्ज्य केलीं. मग त्यांच्या जागीं दुसरीं पुराणें तुम्ही आम्हांस कां देत नाहीं, असें तो विचारतो.

तो ब्राह्मण खरोखरीचा होता, कीं साष्टींतील अनेकांचीं तोंडें मिळून कवीनें एक तोंड केलें, याचा विचार पंडितांनीं करावा. आमचें लक्ष वेधतें तें हें, कीं इतक्या मोठ्या ग्रंथाचा पाया एका विद्यार्थ्याच्या तक्रारीवर घातलेला आहे, आणि ती तक्रार गुरूनें स्वतःच्या हातानें लिहून ठेवली आहे. तक्रार लहान नव्हती. संध्याकाळीं दिवा लागला कीं पुराण ऐकावयास बसणें, कथेंतल्या राजाबरोबर रडणें, निरूपणांतली शंका घरीं नेऊन बायकोपाशीं बोलणें, हा त्या समाजाच्या प्रौढ माणसाचा पिढ्यान् पिढ्यांचा अभ्यासक्रम होता. तो एका दिवसांत बंद झाला व त्याच्या जागीं मुलांच्या रांगेंत बसून घोकण्याचीं दहा-वीस वाक्यें आलीं. चाळीस वर्षांच्या माणसास तीं वाक्यें आठ दिवसांत येतात. पुढें काय? पुढें त्याला तेथें कांहीं काम उरत नाहीं.

दुसऱ्या एखाद्या गुरूनें त्या ब्राह्मणास खालीं बसविलें असतें. श्रद्धा कमी म्हणून दोष दिला असता, किंवा अधिक पाठांतर नेमून दिलें असतें. सत्ता पाठीशीं असतां असें करणें मोहाचें होतें. फादर स्टीफन्सांनीं त्याची मागणी रास्त धरली आणि ती पुरी करण्यास कित्येक वर्षें खर्च केलीं. १६१६ सालीं राशोल येथें तो ग्रंथ छापून निघाला, तेव्हां त्यांचें वय पासष्टाच्या पलीकडे गेलें होतें.

त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाशीं ताडून पाहिलें म्हणजे त्यांची योजना स्पष्ट दिसते. दौत्रिना क्रिस्तां हें त्यांचें कोंकणी धर्मशिक्षणाचें पुस्तक संवादाच्या रूपानें आहे, व तें मुलांस शिकविण्यासाठीं आहे असें त्याच्या मथळ्यावरच लिहिलेलें आहे. लहानांस लहानांचें पुस्तक, मोठ्यांस मोठ्यांचें. धर्म एकच, शिकणारे वेगळे. मोठ्या माणसास बालबोध पुस्तक हातीं देऊन वर त्यानें टिकावें अशी अपेक्षा करणारे आजही पुष्कळ आहेत. आम्हीं प्रौढांच्या हातीं ससा-कांसवाचीं चित्रें असलेलीं पुस्तकें दिलेलीं पाहिलीं आहेत, आणि तीं हातीं घेणाऱ्या बापाचा चेहराही पाहिला आहे.

ख्रिस्तपुराण हें मोठ्या माणसाचें पुस्तक आहे. त्याचीं दोन पुराणें आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंतची जुन्या करारांतील कथा छत्तीस अवस्वरांत आहे. दुसऱ्यांत प्रभु येशू ख्रिस्ताचें चरित्र एकोणसाठ अवस्वरांत आहे. सगळ्या मिळून सुमारें ११,००० ओव्या भरतात. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांनीं मराठी कानांत रुजविलेला ओवीचाच. फादर स्टीफन्स गोव्यास उतरले तेव्हां पैठणचे एकनाथ हयात होते, व लोकांच्या भाषेंत मोठा विषय सांगण्याचें त्यांचें काम चालू होतें, ही गोष्ट आठवली म्हणजे मौज वाटते. आरंभीं पुराणाच्या रीतीप्रमाणें देवाचें स्तवन आहे, पवित्र त्रैक्यास, पवित्र मरियेस व संतांस नमन आहे. ऐकणाऱ्यास पहिल्या ओवीपासूनच आपण अनोळखी घरांत आलों नाहीं असें वाटावें, अशी ही मांडणी.

त्यांतही एक खुबी आम्हांस विशेष वाटते. कथा सांगतां सांगतां श्रोता मध्येंच शंका घेतो, आणि गुरु थांबून तिचें निरसन करतो. हें कोठें लिहिलें आहे, तुम्हांस हें कशावरून ठाऊक, असे प्रश्नही त्यांत येतात. जेथें प्रश्न विचारणें धोक्याचें होतें अशा काळीं त्या ग्रंथांत विचारणाऱ्यास जागा राखून ठेवलेली आहे. मोठा मनुष्य शिकावयास येतो तो रिकामा येत नाहीं. त्याच्यापाशीं त्याचें आयुष्य असतें, त्याचे मेलेले आईबाप असतात, त्यांचें काय झालें हा सवाल असतो. तो सवाल त्याच्या घशाशीं असेपर्यंत त्यास दुसरें कांहीं गिळतां येत नाहीं. शिक्षकानें तो बाहेर येऊं दिला नाहीं, तर विद्यार्थी तो घेऊन घरीं जातो व दुसऱ्या दिवशीं येत नाहीं.

भाषेच्या निवडींतही हेंच धोरण दिसतें. ग्रंथ मराठींत रचला, कारण पुराण मराठींतच असावयाचें अशी तेथील लोकांची धारणा होती. घरीं कोंकणी बोलणारा मनुष्यही पुराण मराठींत ऐके. परंतु जुन्या कवींचे कठीण शब्द सामान्यांस कळत नाहींत, म्हणून तसले शब्द टाळून तेथील ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द आपण घातले आहेत, असा खुलासा त्यांनीं प्रस्तावनेंत केला आहे. म्हणजे ऐकणाऱ्याचा मान राहील इतकी भाषा उंच, व त्याला कळेल इतकी ती जवळ. हा तोल संभाळणें फार अवघड आहे. आमच्या वऱ्हाडांतला शिक्षक एक तर पुण्याची छापील भाषा बोलतो, नाहीं तर खेडवळांशीं बोलावयाचें म्हणून मुद्दाम तोडकें बोलतो. दोन्ही प्रकारांनीं ऐकणाऱ्यास आपण परके आहों हें कळतें.

लिपीच्या बाबतींत मात्र त्यांस यश आलें नाहीं. १६०८ सालीं त्यांनीं रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांस पत्र लिहून येथल्या लिपीचे खिळे पाडण्यास साहाय्य मागितलें. जोडाक्षरें धरून सहाशेंच्या घरांत जाणारे खिळे दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यांनीं करून दाखविला होता. तें जमलें नाहीं. ख्रिस्तपुराण शेवटीं रोमन अक्षरांत छापावें लागलें; मराठी वाचणाऱ्या माणसास तें वाचतां येईना, आणि ज्यास रोमन अक्षरें येत त्यासच वाचून दाखवावें लागे. या गैरसोयींतून एक सोय निघाली, ती अशी कीं ग्रंथ ऐकण्याचा झाला. रविवारीं व सणांच्या दिवशीं चर्चमध्यें तो गाऊन वाचला जाई. तो दिवस कामाचा नसे. अक्षरशत्रु व पंडित एकाच चटईवर बसत, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्यास तें उघड करावें लागत नसे. ऐकून ऐकून ओव्या तोंडीं बसल्या कीं तोही दुसऱ्यास सांगणारा होई.

हा मार्ग पुढें इतरांनींही धरला. फ्रेंच येशूसंघीय फादर इतियेन द ला क्रुआ यांनीं संत पेत्रावर मराठींत पुराण रचलें, तें १६२९ पासून छापून निघालें. वसईकडे फादर फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइंश यांनीं प्रभूच्या दुःखसहनाचें पुराण तेथल्या मराठींत रचलें.

आपल्या काळांत पवित्र सभेनें प्रौढांच्या दीक्षेचा जुना क्रम पुन्हां चालू केला. त्याचा विधिग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नव्या माणसास एकट्यानें न शिकवितां पायरीपायरीनें, एका सोबत्याच्या साथीनें पुढें नेण्याची योजना आहे. सरकारनेंही पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं २०२२ सालीं उल्लास हा कार्यक्रम सुरू केला, व त्यांत शिकविणारे गांवांतलेच स्वयंसेवक असावेत असें ठरविलें. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण योजना कागदावर कितीही चांगली असो, किन्हीराजाच्या एखाद्या वेचणाऱ्या बाईस सबंध दिवस वाकून कापूस वेंचल्यावर रात्रीं आठ वाजतां डोळे उघडे ठेवावयास कारण पाहिजे. तें कारण शिकविणाऱ्यास तिला विचारूनच शोधावें लागेल. कोणास मापांत फसवणूक नको म्हणून काट्यावरचे आंकडे वाचावयाचे असतात, कोणास नातवाचें पुस्तक, कोणास रविवारचें वाचन चर्चमध्यें स्वतः उभें राहून करावयाचें असतें. आणि वेचणीच्या दिवसांत वर्गच आठवड्यांतून एकदां भरविला तर धर्म बुडत नाहीं. साष्टीचें पुराण रोज नव्हतें. सणावारीं होतें, पण तें वर्षानुवर्षें होतें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ज्या प्रांतांत जाण्यायेण्यास बंदी, जुन्या चालींस शिक्षा, तेथें लोक टिकले यांत शिक्षकाची थोरवी ती काय? ते टिकले कीं अडकले? आक्षेप खरा आहे, आणि गोव्यापुरतें पाहिलें तर त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. भीतीनें बसलेला कोण व आवडीनें बसलेला कोण, हें चारशें वर्षांनंतर निवडतां येत नाहीं. परंतु इतिहासानें एक परीक्षा आपण होऊन घेतली. सतराव्या व अठराव्या शतकांत दुष्काळ, लढाया व छळ यांस कंटाळून गोव्याचीं हजारों ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलीं व मंगळुराच्या बाजूस वसलीं. तेथें पोर्तुगीजांचा कायदा नव्हता. पुराण ऐकलें नाहीं म्हणून विचारणारा कोणी नव्हता. त्या लोकांनीं काय नेलें? ख्रिस्तपुराण नेलें. छापील प्रति संपल्या तेव्हां त्यांनीं तें हातानें उतरून घेतलें, घरोघर वाचलें, मुलांस शिकविलें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें त्या ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें आणि १७९९ पर्यंत ते तेथें होते. त्या बंदिवासांत पुराणाच्या ओव्यांनीं त्यांस धीर दिला असें परंपरेनें सांगतात. ज्या घरीं मिस्सा नाहीं, धर्मगुरु नाहीं, तेथें तो साडेतीन चरणांचा वर्ग चालू राहिला. हा वर्ग सोडून जाण्यास त्यांस कोणी अडविलें नसतें.

फादर स्टीफन्स १६१९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, गोव्यांतच वारले. मायदेशीं ते परत गेले नाहींत. दौत्रिना त्यांच्या मागें १६२२ सालीं छापली गेली. पुराणाच्या आणखी दोन आवृत्ति १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. पुढें वारें फिरलें. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. साऱ्या प्रांताच्या प्रौढ माणसांस तीन वर्षांत परकी भाषा शिकविण्याचा तो बेत होता, आणि त्यापाठीमागें राजदंड होता. कोंकणी आज गोव्याची राजभाषा आहे, एवढें सांगितलें म्हणजे त्या वर्गाचें काय झालें हें कळेल. गोव्यांत पर्वरी येथें कोंकणीच्या अभ्यासाची जी संस्था येशूसंघानें चालविली आहे, तिला फादर थॉमस स्टीफन्स यांचेंच नांव दिलेलें आहे.

त्या तीन जुन्या आवृत्तींपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ राहिला तो उतरून घेणाऱ्यांच्या हस्तलिखितांत. तीं जमवून व ताडून जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत चौथी आवृत्ति काढली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतल्या एका देवनागरी हस्तलिखिताकडे पंडितांचें लक्ष वेधलें. त्यांतील मराठी अधिक संस्कृतप्रचुर आहे. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास हें पुराण देवनागरींत छापून काढलें, व १९९६ सालीं फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ति मुंबईस निघाली. पुण्याची प्रत छापून बाहेर पडली तेव्हां मराठी खिळ्यांसाठीं रोमला लिहिलेल्या त्या पत्रास ३४८ वर्षें झालीं होतीं.